तुळशीबागेतली हातभर जागा

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तुळशीबागेत जाऊन आलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरे कसलेही काम सांगू नये, असा आमच्या घरचा अलिखित कायदा आहे. तिथे आपण चालत नाही. गर्दी नेईल तिकडे जातो. लक्ष्मी रस्त्यावरून आत वळलो की मोटारींची कलकल मागे पडते आणि माणसांची सुरू होते. मोटारीला इथे वाव नाही. एखादा सायकलवाला चुकून शिरलाच, तर सायकल डोक्यावर घेऊनच बाहेर पडेल. इथले राज्य पायांनी चालणाऱ्यांचे. पोळपाट-लाटणी, तांब्या-पितळेची भांडी, देवांची इवलीशी वस्त्रे, रांगोळीचे ठसे, भातुकलीतला बोटभर उंचीचा बंब, बांगड्या, रिबिनी, कानातली — पुण्यातल्या कितीतरी बायकांनी आपला संसार इथूनच पिशव्यांत भरून घरी नेला आहे. पुरुषांचे काम त्या पिशव्या धरण्याचे. ते मी गेली पंधरा वर्षे निष्ठेने करतो आहे.

अशाच एका रविवारची गोष्ट. माझ्या आठ वर्षांच्या लेकीला केसांच्या पिना हव्या होत्या. आतल्या दुकानदाराने वीस रुपये सांगितले. त्याच्याच पायरीसमोर फडके पसरून बसलेल्या बाईने तशाच पिना पंधराला देऊ केल्या.

"ताई, तिचा माल टिकायचा नाही," दुकानदार आतून म्हणाला.

"माल एकाच गाडीतनं येतो, दादा," बाई मान वर न करता म्हणाली.

"आणि बसलीस ती माझ्या पायरीसमोर!"

"पायरी तुमची. फरशी तुमची न्हाई."

ह्या भांडणात राग फारसा नव्हता. दोघांचा तो रोजचा संवाद असावा, कारण लगेच दुकानदाराने तिला शंभराचे सुटे मागितले आणि तिने ते कमरेच्या पिशवीतून काढून दिले. पण माझ्या लेकीने तेवढ्यात मला विचारले, "बाबा, मग फरशी कोणाची?"

मी मास्तर. मुलाने प्रश्न विचारला की उत्तर ठोकून देण्याची सवय. "सरकारची," म्हणून मी मोकळा झालो. पण उत्तर मलाच पटले नाही. पायरी दुकानदाराची, फडके बाईचे, वाट चालणाऱ्यांची, आणि सगळ्यांवर देखरेख शहराची. तर मग त्या हातभर फरशीवर कोणी बसावे आणि कोणी उठावे हे ठरवायचे कोणी? घरी आलो, पिशव्या रिकाम्या केल्या आणि जुनी पुस्तके काढून बसलो. माझ्या नावापुढे पदव्यांचे वजन नाही. मी शाळेत मुलांना इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तेव्हा पुढे जे सांगतो आहे ते एका जिज्ञासू मास्तराचे सांगणे समजावे.

पेशव्यांच्या काळी पुण्यात नवी पेठ वसवायची तर सरकारातून कौल दिला जाई. शेटे-महाजन नेमावेत, त्यांनी बाहेरगावचे व्यापारी, उदमी, कारागीर आणून बसवावेत आणि बसणाऱ्यांना काही वर्षे करांची माफी असावी, अशी रीत होती. म्हणजे आज ज्याला उठवायला गाडी येते, त्याला त्या काळी बसवायला माणूस जाई! माफीची मुदत सरली की मात्र दुकानावर मोहतर्फा आणि मालावर जकात चालू. पेठ गजबजली की तंटे आलेच. माप खोटे, भाव चढा, कोणाची ओसरी रस्त्यावर आली, कोणी गल्ली अडवली. ह्यांसाठी कोतवाल.

घाशीराम कोतवालाचे नाव कोणाला ठाऊक नाही? १७७७ ते १७९१ अशी चौदा वर्षे तो पुण्याचा कोतवाल होता. विजय तेंडुलकरांचे नाटक १९७२ साली रंगभूमीवर आले आणि त्याचे नाव साऱ्या देशात गेले. पण रंगभूमीवरचा घाशीराम आणि कचेरीतला कोतवाल ह्यांत फरक आहे. कोतवालाच्या कामांची जी यादी इतिहासकारांनी जुन्या कागदांवरून दिली आहे ती मोठी वाचनीय आहे. रस्ते, गल्ल्या आणि घरे ह्यांबद्दलच्या तंट्यांचा निवाडा करणे, बाजारभावांवर नजर ठेवणे, वजनेमापे पाहणे, शहरातल्या माणसांची मोजदाद ठेवणे, जागांच्या खरेदी-विक्रीची नोंद करणे, सरकारी कामाला मजूर पुरवणे, आणि जुगाऱ्यांकडून फीसुद्धा वसूल करणे! आज महापालिकेची पाच-सहा खाती आणि पोलीस मिळून जे करतात ते सारे एका माणसाच्या पदरात होते. पैसा तोच घेणार, तंटा तोच तोडणार, शिक्षा तोच देणार. आणि त्याच्याविरुद्ध दाद मागायची तर कोणाकडे? घाशीरामाविरुद्धची दाद शेवटी १७९१ साली जमावाने दगडांनी मागितली, हे सर्वश्रुत आहे. त्या प्रकरणाच्या बऱ्या-वाईटात मी शिरत नाही. पण बाजाराची देखरेख, वसुली आणि न्याय हे तिन्ही एकाच मुठीत गेले की काय होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

तुळशीबागेचे राममंदिर त्याच पेशवाईतले. नारो अप्पाजी खिरे ह्यांनी ते उभारले आणि बागेवरून ते घराणेच तुळशीबागवाले झाले. देऊळ आले की भाविक आले, भाविकांपाठोपाठ फुलवाले आले, फुलवाल्यांपाठोपाठ भांडीवाले. देवळाभोवती बाजार जमायला आपल्याकडे कोणाचा हुकूम लागत नाही.

भाजीबाजार मात्र त्या काळी इथे नव्हता. तो भरे शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात, उघड्यावर. पेशवाई बुडाली, वाडा जळाला, तरी भाजीवाल्यांनी जागा सोडली नाही. १८५७ साली पुण्यास नगरपालिका स्थापन झाली, आणि पुढे पंचवीसेक वर्षांनी ह्या उघड्या बाजारासाठी पक्की, देखणी इमारत बांधावी असे तिने मनावर घेतले. इथे आपल्या कथेत एक मोठा माणूस येतो.

जोतीराव फुले १८७६ ते १८८२ ह्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय फुलांचा आणि भाजीपाल्याचा. 'फुले' हे आडनावच त्यावरून पडलेले. भाजीच्या पाटीचे ओझे किती असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. शिवाय ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार, त्यामुळे दगड-चुन्याचा हिशेबही त्यांना कळत होता. मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यास त्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणाकडे वळवा, हा त्यांचा आग्रह. त्यांचे कोणी ऐकले नाही. इमारत १८८६ साली उभी राहिली. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्यातून आठ दिशांना गेलेल्या ओवऱ्या. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावाने तिला 'रे मार्केट' म्हणू लागले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचे नाव बदलले आणि ती 'महात्मा फुले मंडई' झाली. ज्याने बांधू नका म्हणून सांगितले त्याचेच नाव इमारतीला! अत्र्यांच्या विनोदबुद्धीला हे उमगले नसेल असे मला वाटत नाही.

आता माझे स्वतःचे मत विचाराल तर मी इथे जोतीरावांशी पुरता सहमत नाही. पावसाळ्यात चिखलात बसून मेथी विकणाऱ्या बाईला डोक्यावर छप्पर मिळाले, खाली कोरडी फरशी मिळाली, हे काही थोडे नाही. इमारतही अशी की आजही मान वर करून पाहावी. पण छपराबरोबर एक गोष्ट आली तिच्याकडे लक्ष द्यायला हवे. उघड्या मैदानात जो येईल तो बसे; छपराखाली गाळे मोजलेले असतात. ज्याला गाळा मिळाला तो 'आतला', ज्याला मिळाला नाही तो 'बाहेरचा'. आणि बाहेरचा काही घरी जाऊन बसत नाही. मंडईला आज एक फेरी मारून पाहा. जेवढी मंडई आत आहे तेवढीच भोवतालच्या रस्त्यांवर आहे. बाजाराला कोंडाल तितका तो कुंपणाबाहेर उगवतो.

हे 'आतले' आणि 'बाहेरचे' प्रकरण मला पुस्तकात वाचून कळलेले नाही, म्हणून इथे थोडे घरचे सांगतो. माझे बालपण पुण्यात गेलेले नाही. आमचे गाव तालुक्याचे. त्याचे नाव सांगण्यात काही हशील नाही. तिथल्या बाजाररस्त्यावर माझी आई सुया, दोरे, बटणे, रिबिनी आणि काजळाच्या डब्या घेऊन बसायची. सकाळी नऊच्या सुमारास वसुलीवाला यायचा. खांद्याला झोळी, हातात पावतीपुस्तक. पैसे घेतले की जांभळ्या शिक्क्याची पावती टर्रकन फाडून द्यायचा. आई ती पावती घरी आणून भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवी. वर्षअखेरीस ती तार उसासारखी जाड होई, मग दुसरी तार.

मी पाचवीत असताना एकदा पालिकेची गाडी आली. त्या दिवशी कोणी मोठा पाहुणा गावातून जाणार होता म्हणे. माणसांनी पाट्या उचलल्या, फडकी चारी टोकांनी ओढली. आईने मला घरी पिटाळले, "तार घेऊन ये!" मी धावत जाऊन तार आणली. आईने ती साहेबांपुढे धरली. "साहेब, ह्या बघा की. रोजचं पैसं दिल्यात. एक दिस चुकला न्हाई."

साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्याने तार हातात घेतली, दोन पावत्या उलटून पाहिल्या आणि शांतपणे म्हणाला, "बाई, हा त्या त्या दिवसाच्या बसण्याचा पैसा आहे. जागेचा नाही."

दंड भरून तीन दिवसांनी माल सुटला. रिबिनींवर पाणी पडले होते. लाल रंग पांढऱ्यात उतरला होता. त्या वर्षी दिवाळीत माझ्या दोन्ही बहिणींच्या वेण्यांना गुलाबी रिबिनी होत्या. असो.

साहेबाचे ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षे मनात घोळवले. पैसा दिला तो बसण्याचा, जागेचा नाही. कोतवालापासून पालिकेपर्यंत सगळ्यांनी रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून पैसा घेतला, पण तो इथे बसतो हे मान्य करायची वेळ आली की सगळ्यांची लेखणी अडली. ती पहिल्यांदा हलली न्यायालयात.

मुंबईच्या फेरीवाल्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३ जुलै १९८४ रोजी त्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. ते पुण्यात जन्मलेले, इथल्या नूतन मराठी विद्यालयात शिकलेले. बाजीराव रस्त्यावरच्या त्या शाळेतून तुळशीबाग पायी किती मिनिटांची वाट आहे हे पुणेकरांना सांगायला नको. त्या निकालाने फेरीवाल्यांना सरसकट हुसकून लावण्याऐवजी त्यांच्यासाठी विभाग आखावेत असे सांगितले, आणि अटी घातल्या. बसायची जागा एक मीटर लांब, एक मीटर रुंद. देऊळ, शाळा, रुग्णालय ह्यांपासून शंभर मीटरच्या आत बसू नये. पालिकेच्या मंडईपासून दीडशे मीटरच्या आत बसू नये. २००३ सालच्या निकालातही ही अंतरे पुन्हा आली.

नियम मुंबईसाठी होते. पण मी गंमत म्हणून तेच माप तुळशीबागेला लावून पाहिले. पुढे रामाचे देऊळ, मागे फुले मंडई, लक्ष्मी रस्त्यावर १८८४ पासूनची हुजूरपागा आणि भोवताली इतर शाळा. शिवाय पुण्यात दर पन्नास पावलांवर मारुती किंवा गणपती आहेच. कंपास घेऊन वर्तुळे काढली तर फडके पसरायला एक फरशी उरत नाही! आणि गंमत पाहा, बाजार जमला तो देवळामुळेच, मंडईमुळेच आणि हुजूरपागेच्या मुलींमुळेच. गिऱ्हाईक जिथे येते तिथे विकू नये आणि जिथे येत नाही तिथे खुशाल विकावे, असा तो हिशेब झाला. चालणाऱ्याला वाट हवी हे न्यायालयाचे म्हणणे चूक नव्हते. गर्दीत अडकलेल्या म्हातारीला विचारा, तीही तेच सांगेल. पण माप बाजाराच्या अंगाने घेतले गेले नव्हते.

मग १९८९ साली दिल्लीच्या सोदानसिंग नावाच्या एका कपडे विकणाऱ्या गरीब माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. रस्त्याच्या कडेला धंदा करणे हा व्यवसायाच्या मूलभूत हक्कातच येतो, त्यावर वाजवी बंधने मात्र घालता येतील, असे न्यायालयाने म्हटले. अमुकच जागी बसण्याचा हक्क मात्र कोणाला नाही. म्हणजे आमच्या साहेबाचे अर्धे वाक्य खरे ठरले आणि अर्धे खोडले गेले.

उरलेले काम २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने केले. १ मे २०१४ पासून तो अमलात आला. शहराने दर पाच वर्षांनी विक्रेत्यांची मोजणी करावी, त्यांना विक्रीचे प्रमाणपत्र द्यावे, उठवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत अशा ठिकाणांना ह्या कायद्यात 'नैसर्गिक बाजार' असा शब्द आहे. मला तो फार आवडला. झाडाला म्हणावा तसा शब्द. पन्नास वर्षांहून जुना असा बाजार वारसा म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात लिहिले आहे. नुसत्या वयाच्या हिशेबाने पाहिले तर तुळशीबागेला पन्नास वर्षे म्हणजे कालपरवाची गोष्ट.

पण त्याहून महत्त्वाची मला वाटली ती शहराची विक्रेता समिती. तिच्या अध्यक्षस्थानी आयुक्त किंवा मुख्याधिकारी, म्हणजे कोतवालाचीच खुर्ची. पण भोवताली जे बसायचे त्यांत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. नगरपालिकेच्या सभेत जोतीराव उभे राहिले तेव्हा भाजीवाल्यांच्या घरचा माणूस तिथे कोणाच्या मतांनी गेला नव्हता. सरकारने नेमला होता. आता तो निवडून जाईल, असे कागद म्हणतो. अंमल गावोगावी सारखा झालेला नाही. कुठे मोजणी अर्धवट, कुठे समितीच नाही, कुठे निवडणूक न्यायालयात. कायदा होणे आणि कायदा रस्त्यावर उतरणे ह्यांत किती अंतर असते हे मास्तरांनी कोणाला सांगायला नको. शाळेतही तेच चालते.

हा सारा प्रश्न आता जास्तच नेटाने पुढे येणार आहे. ११ डिसेंबर २०२१ रोजी, शनिवारी, पुणे महापालिकेने पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याच्या एका भागावरून वाहने बंद केली. सकाळची शाळा आटोपून मी मुद्दाम पाहायला गेलो होतो. ज्या रस्त्याच्या मधोमध उभे राहायची एरवी छाती होत नाही, तिथे माणसे निवांत गप्पा मारत होती. एक आजोबा दुतर्फा इमारतींचे वरचे मजले बोट दाखवून नातवाला दाखवत होते. एरवी मान वर करायला कोणाला सवड असते? कोपनहेगनचा स्ट्रॉइट नावाचा जुना बाजाररस्ता १९६२ साली वाहनांना बंद केला, तेव्हा गिऱ्हाईक तुटेल म्हणून दुकानदारांनी ओरड केली होती. पुढे गिऱ्हाईक वाढले आणि ओरड विसरली गेली.

पण मोटार गेली की रस्ता मोकळा होतो, आणि मोकळी जागा शहरात फार वेळ मोकळी राहत नाही. दुकानदाराला वाटते माझे टेबल दोन पावले पुढे यावे. खाणावळवाल्याला वाटते खुर्च्या मांडाव्यात. चालणाऱ्याला वाटते कोणीच बसू नये. आणि पिनांचे फडके घेऊन येणारी बाई? ती तर मोटारी होत्या तेव्हाही पायीच येत होती. चालणाऱ्यांसाठी रस्ता सजवताना पहिल्यांदा तीच उठू नये, एवढे माझे मागणे आहे. तिची एक मीटर जागा आधी आखा, मग खुर्च्यांचे पाहू. दुकानदाराने तिला सुटे मागितले होते हे विसरू नका. ती उठली तर त्याच्या पायरीशी थांबणारी माणसेही कमी होतील, आणि हे त्याला आपल्या सर्वांहून चांगले ठाऊक आहे.

आई आता आमच्याकडेच असते. ती बसायची सोडून बरीच वर्षे झाली. परवा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात त्या पावत्यांच्या तारा निघाल्या. गंज चढलेल्या, कागद पिवळे पडलेले, शिक्क्यांचा जांभळा रंग उडालेला. मी त्या रद्दीच्या ढिगात ठेवल्या. लेक त्या उचलून आजीला विचारायला गेली, हे काय म्हणून. आईने तार हातात घेतली, पदराने पुसली आणि डबा मागितला.

"राहू दे," ती म्हणाली. "कुणी इचारलं तर दाखवाया लागतील."